टर्मिनलवरून सी प्रोग्राम कंपाइल करताना

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत सी भाषेची ओळख टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर होत आली आहे. तेथे कंट्रोल आणि एफ-९ या कळा दाबल्या की प्रोग्राम कंपाइल होऊन लगेच चालू होतो, त्यामुळे मधल्या वेळात नेमके काय घडले ते विद्यार्थ्याला दिसत नाही. जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा प्रोग्राममध्ये बदलणारे साधन) टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून, वापरू लागले की हीच मधली पायरी समोर येते आणि चूक कोठे झाली हे शोधणे पुष्कळ सोपे होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला हा कंपायलर १९८७ साली प्रथम उपलब्ध झाला आणि आजही तो विनामूल्य मिळतो. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांतच टाइप कराव्यात.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ या एका कमांडने कंपायलर आणि त्याला लागणारी लायब्ररी (तयार फंक्शनचा संग्रह) अशा दोन्ही गोष्टी बसतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) सुरू करून त्यातील उबुंटूमध्ये हेच करता येते. मॅकवर जीसीसी हे नाव टाइप केले तरी प्रत्यक्षात सहसा क्लँग हा कंपायलर चालतो, परंतु खाली दिलेले पर्याय त्यालाही समजतात.

समजा, गुण वाचून निकाल सांगणारा प्रोग्राम ‘मार्क्स.सी’ या फाइलमध्ये लिहिला आहे. ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे सीडी या फोल्डर बदलण्याच्या कमांडने जावे आणि पुढील ओळ टाइप करावी:

जीसीसी -वॉल मार्क्स.सी -ओ मार्क्स

यातील ‘-वॉल’ म्हणजे डॅश, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला चिकटून लहान अक्षरांत ‘ऑल’. ‘-ओ’ या पर्यायानंतर तयार होणाऱ्या प्रोग्रामचे नाव येते. ते दिले नाही, तर लिनक्सवर प्रोग्राम ‘ए.आउट’ या नावाने तयार होतो. येथे एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. एकाच फोल्डरमध्ये मार्क्स.सी आणि टोटल.सी अशा दोन फाइल असताना घाईत ‘जीसीसी -ओ मार्क्स.सी टोटल.सी’ असे टाइप झाले, तर कंपायलर मार्क्स.सी हे तयार करायच्या प्रोग्रामचे नाव समजतो आणि तुम्ही लिहिलेला कोड पुसून त्या जागी मशीन कोड लिहितो. तो कोड परत मिळत नाही. म्हणून ‘-ओ’ नंतर ‘.सी’ने संपणारे नाव कधीही देऊ नये.

कंपायलरने काहीही न छापता पुन्हा प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करण्याची खूण) दिला, तर काम बिनचूक झाले असे समजावे. प्रोग्राम चालवताना मात्र नुसते ‘मार्क्स’ लिहून भागत नाही, कारण लिनक्सचा शेल (टर्मिनलमधील कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालू फोल्डरमध्ये आपणहून शोध घेत नाही. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते, म्हणजे ‘./मार्क्स’.

‘-वॉल’ हा पर्याय पहिल्या दिवसापासून वापरावा, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बरोबर ३५ गुण मिळाल्यास ‘काठावर पास’ असे छापायचे आहे आणि इफच्या कंसात दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच चिन्ह पडले आहे. ही रचना सी भाषेच्या नियमांत बसते. तिचा अर्थ एवढाच होतो की गुणांच्या व्हेरिएबलमध्ये ३५ भरले जातात आणि ३५ ही शून्येतर संख्या असल्याने अट नेहमीच खरी ठरते. परिणामी ९० गुण मिळवणारी मुलगीही काठावर पास होते. ‘-वॉल’ दिला नसेल तर जीसीसी याबद्दल एक शब्दही बोलत नाही. दिला असेल तर फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि स्तंभ क्रमांक छापून, अटीच्या जागी किंमत भरली जात असल्याची वॉर्निंग देतो. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम तयार होतो, आणि म्हणूनच ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एरर आली की प्रोग्राम तयारच होत नाही. पडद्यावर वीस एरर दिसल्या तरी घाबरण्याचे कारण नाही: सर्वांत वरची एरर वाचावी, तेवढीच दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावे, कारण खालच्या अनेक एरर त्या पहिल्या चुकीतूनच निघालेल्या असतात. ओळ क्रमांकावरही आंधळा विश्वास ठेवू नये. महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर तक्रार बहुधा फाइलच्या शेवटच्या ओळीवर येते आणि चूक मात्र कितीतरी वर असते. टर्बो सीमधील जुना प्रोग्राम लिनक्सवर आणला असेल, तर ‘कोनिओ.एच’ सापडत नसल्याची एरर येईल. ती ओळ आणि तिच्याबरोबरच क्लिअरस्क्रीन व गेटसीएचचे कॉल काढून टाकावेत.

एक एरर या सर्वांहून वेगळी असते. वर्गमूळ काढण्यासाठी स्क्वेअररूट फंक्शन वापरले, ‘मॅथ.एच’ही जोडले, तरीही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा संदेश येतो. येथे तुमचा कोड बरोबर असतो आणि तो कंपाइलही झालेला असतो. अडचण त्यापुढच्या लिंकिंगच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडला लायब्ररी जोडण्याच्या, पायरीवर आलेली असते. ‘मॅथ.एच’सारखी हेडर फाइल फंक्शनची फक्त घोषणा करते, त्याचा प्रत्यक्ष कोड गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी ‘-एलएम’ या पर्यायाने जोडावी लागते. कंसात व्हेरिएबलऐवजी थेट संख्या लिहिली असेल, तर जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि ही एरर येत नाही, त्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ आणखी वाढतो. लिंकर फाइली डावीकडून उजवीकडे पाहत जातो, म्हणून ‘-एलएम’ नेहमी कमांडच्या शेवटी, सी फाइलच्या नंतर लिहावे:

जीसीसी -वॉल मार्क्स.सी -ओ मार्क्स -एलएम