दुसऱ्याची कवळी: थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट तपासताना

सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झालो, दोन वर्षं अंबडला एका वर्कशॉपमध्ये प्लग गेज, म्हणजे मापाची खुंटी, घेऊन भोकं तपासली आणि मग शस्त्रागारात आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या, हाताखाली लागलो. गेज म्हटलं की वाटायचं, हे तर आपलं रोजचंच. पहिल्याच पावसाळ्यात ती घमेंड उतरली.

नाशिकच्या पावसाळ्यात तेलाचा हात फिरला नाही, तर पोलादावर लगेच तांबूस बुरा धरतो. त्या आठवड्यात सहा रायफली साफ करायच्या होत्या, सगळ्या इशापूरच्या कारखान्यातल्या, नंबर वन मार्क थ्री, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. मूळ इंग्रजी नमुना १९०७ चा. मी सहाही बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारे सरकते दांडे, काढून रॉकेलच्या एकाच ट्रेमध्ये टाकले. चिंदी पांढरी निघेपर्यंत नळीतून फुलतरू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, ओढला. (पुल-थ्रू म्हणालात तर तुम्ही नवखे.) मग हाताला येईल तो बोल्ट समोरच्या रायफलीत सारला. सगळे बसले, खटाखट बंदही झाले. उस्ताद चहा पिऊन आले, एका बोल्टच्या दांडीच्या मुळाशी बघितलं, मग बॉडीवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, बघितलं.

“पोरा, दुसऱ्याची कवळी तोंडात बसली, म्हणून चावता येतं का?”

दांडीच्या मुळाशी नंबर ठोकलेला असतो, तोच बॉडीवर असतो. या रायफलीत बोल्ट मागच्या बाजूला अडकतो: डावीकडे एक लग, म्हणजे अडकायचा कान, उजवीकडे लांब रिब, म्हणजे उंच पट्टी. दोन्ही आपापल्या खांद्यांवर सारखे टेकले पाहिजेत, म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच्याच बॉडीला घासून बसवलेला असतो. टेकतो की नाही ते ब्लू, म्हणजे ठसा उमटवणारा निळा रंग, लावून कळतं, हे फिटरला सांगायला नको. पण ब्लू एकाच बाजूला उमटला म्हणून कानस उचलू नका. लगचा कडकपणा फक्त वरच्या सालीत असतो. ती साल गेली की खालचं मऊ पोलाद दर गोळीला दबत जातं.

आता गेज. त्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून बघा. नुसतं डोकावून भागत नाही. .३०३ चं काडतूस बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, टेकतं. ती रिम बसायला बोल्टचं तोंड आणि नळीची मागची कड यांत किती जागा आहे, ते मोजायचं. .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, .०७४ च्या, म्हणजे नो-गो गेजवर होता कामा नये. दोघांत फरक जेमतेम पाव मिलिमीटर. गेज लावण्याआधी स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) काढून ठेवायचे. ही रायफल बोल्ट पुढे ढकलताना कॉक होते, म्हणजे स्ट्रायकरची स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे स्प्रिंगचा जोर हाताला लागतो आणि गेजचा अडसर कळतच नाही. दांडीवर एका बोटाचा भार पुरे. तळव्याने दाबलंत तर नो-गोवरही बोल्ट बंद होईल आणि तुम्ही स्वतःलाच फसवाल.

माझ्या सहांपैकी एका रायफलीत परका बोल्ट .०७४ वर अलगद मिटला. तिचाच बोल्ट घातला तर मध्येच अडला. जागा जास्त असली की गोळी सुटताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाच्या जरा वर चमकती रेघ दिसू लागते आणि एखाद दिवशी तिथेच फाटते. मग गरम वायू मागे येतो, आणि मागे आपला चेहरा असतो.

नंबर जुळला म्हणजे काम झालं, असंही नाही. दुसऱ्या एका रायफलीच्या बोल्टवर जुना नंबर खोडून नवा ठोकलेला होता. मला ती लबाडी वाटली. उस्तादांनी गेज लावून दाखवला, चोख. कधीतरी कुणीतरी तो बोल्ट नीट बसवून मगच नंबर मारला होता. उलट, मूळ नंबराचा बोल्टही वापरून ढिला झालेला असू शकतो. अशा वेळी बोल्टच्या पुढच्या टोकाचा सुटा तुकडा, म्हणजे बोल्ट हेड, बदलून बघतात, लांब हेड लागलं की जागा कमी होते. नंबर फोर या नंतरच्या रायफलीच्या हेडवर ० ते ३ असे आकडे असतात, आमच्या मार्क थ्रीवर नाहीत. डबाभर हेडांतून एकेक फिरवून बघत बसायचं. दुपार जाते.

इशापूरचीच टू-ए-वन रायफल दिसायला सख्खी बहीण, पण ती ७.६२ मिलिमीटरची. तिचं काडतूस रिमवर नाही, पुंगळीच्या निमुळत्या खांद्यावर टेकतं, गेजही वेगळे. दोन्हींचे गेज एका डब्यात ठेवू नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं गुन्हा आहे. शेजारच्या काकांनी आजोबांची जुनी बंदूक “जरा बघून दे” म्हटलं, तरी हात लावू नका. मला दोनदा विचारून झालंय.

त्या सहांपैकी पाच जोड्या संध्याकाळी नंबराप्रमाणे लागल्या आणि गेजमध्ये पास झाल्या. सहावीचा बोल्ट तिचाच होता, तरी .०७४ वर मिटत होता, आणि डब्यातलं एकही हेड तिला लागलं नाही. रजिस्टरमध्ये नोंद उस्तादांनी मलाच करायला लावली आणि रायफलीला लाल चिठ्ठी बांधून वेगळ्या रॅकवर ठेवली. तेव्हापासून ट्रेमध्ये एका वेळी एकच बोल्ट.