गावाकडं निसर्गाला धरून घर बांधताय? या चुका टाळा

हल्ली गावात घर काढायचं म्हटलं की मोबाईलवर व्हिडिओ बघून प्लॅन ठरतो, मातीच्या भिंती, मोठ्या काचा, मधे झाड, आणि ते घर असतं केरळातलं नाहीतर पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलचं. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, सांगलीत शिराळा ओलं तर जत-आटपाडी कोरडं, मग एकच नकाशा सगळीकडं कसा चालेल? आपल्या शिवारातली जुनी घरं बघा आधी. भरपूर पावसाच्या पाटणकडं उतरती कौलं आणि मोठी पडवी, कोरड्या माण-जतकडं जाड भिंती आणि माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, हे उगाच नाही झालेलं.

सगळ्यात जास्त बघायला मिळणारी चूक म्हणजे जुन्या दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. घर दुरुस्त करायला घेतलं की गवंडी पहिलं तेच सुचवतो, दिसायला छान दिसतं, आणि दोन पावसाळ्यांत खालून दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढते, रंगाला फुगे येतात, हात फिरवला की पांढरी पावडर निघते म्हणजे लोणा लागतो. त्यावर मग वॉटरप्रूफ रंग मारतात आणि ओल अजून वर चढते, कारण जमिनीतनं आलेलं पाणी आधी माती-चुन्यातनं वाळून जायचं, ती वाट तुम्ही बंद केली. ओल कुठली हे बघायला भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, पाणी दिसलं तर ओल भिंतीतली आहे, वरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडं, दिसलं तर खोलीत हवा खेळत नाही. भिंतीतली असेल तर आधी बाहेर जाऊन जोतं बघा, दरवर्षी मुरूम नाहीतर फरशी टाकून टाकून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं आणि पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी मुरतं. अंगण खाली घ्या, पाण्याला उतार द्या, मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या वर फूटभरापर्यंत काढून टाका, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या आणि चुन्याचा गिलावा करा. घाई केली तर पैसे वाया.

दुसरी गोष्ट, निसर्गाला धरून म्हणजे सिमेंट-सळई अजिबात नको असं काहीजण धरून बसतात. कोयनेच्या पट्ट्यात तरी हे करू नका हो, कळकळीनं सांगतोय. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात दगड-मातीची घरं झोपेतल्या माणसांवर पडली. दगडी भिंत बांधा, पण जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा पाहिजेच, आणि दर दोन फूट उंचीवर चार-चार फुटांनी भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवून घ्या, नाहीतर आतला आणि बाहेरचा थर वेगळा होऊन भिंत फुटते.

डोंगर दिसावा म्हणून पश्चिमेला पूर्ण काच लावतात. मार्च ते मे दुपारनंतर तिरपं ऊन थेट आत येतं आणि आतनं पडदा लावून काही होत नाही, ऊन आत आलेलंच असतं. लावलीच असेल तर बाहेरून सावली करा, पडवी काढा, बांबूच्या तट्ट्या लावा, मांडवावर वेल चढवा. दक्षिणेच्या खिडकीला मात्र दोन फुटांचा छज्जा बास होतो, उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि थंडीत खाली उतरतो तेव्हा ऊन आत हवंच असतं. पाटण-जावळीकडं तर पश्चिमेनं झडही येते, तिथं काच लावायचा विचारच सोडा.

मातीच्या दाबविटा, म्हणजे न भाजता यंत्रात दाबून केलेल्या विटा, करायच्यात तर शेतातली काळी माती घेऊ नका, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि दिवसभर ठेवा, वाळू खाली बसते आणि चिकण माती वर, चिकणाचा थर जाड दिसला तर वाळू मिसळा नाहीतर दुसरी माती बघा. आणि कृष्णाकाठी पूररेषेत मातीची भिंत नकोच, 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 आहे.

डोंगरउतारावर सपाटीसाठी जेसीबीनं कडा उभा कापायचा आणि ओघळ बुजवायचा, हे तर फार वाईट. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरड घरांवर आली. तिथं कारण काहीही असो, उतार कापायच्या आधी पावसाळ्यात जागेवर जाऊन पाणी कुठनं वाहतं ते बघा आणि त्या वाटेत घर ठेवू नका.

अंगणभर पेव्हर ब्लॉक नको, तापतात आणि पाणी मुरू देत नाहीत. वड, पिंपळ, उंबर भिंतीपासून लांबच.

जत-माणकडं मात्र छपराचं पाणी सोडू नका. हजार चौरस फूट छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण सेहेचाळीस हजार लिटर, गळती धरून पस्तीस-सदतीस हजार हाती लागतं. पहिल्या पावसाची घाण बाहेर सोडायला पाईपला कॉक ठेवा आणि टाकीच्या तोंडाला बारीक जाळी लावा.