डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब झाले, पांढरे पडले? फॉरमॅट करण्याआधी हे करून पाहा

डेस्कटॉपवर काल दिसत होते ते आयकॉन आज दिसत नाहीत, एवढ्यावरून कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकांचे कित्येक वर्षांचे फोटो त्या फॉरमॅटमध्ये गेले. मूळ बिघाड काय होता, तर एका मेनूतली टिक निघाली होती. म्हणून पहिली विनंती: आयकॉनची तक्रार असेल, तर घाईने काहीही पुसू नका.

आयकॉन म्हणजे ती फाइल किंवा तो प्रोग्रॅम नव्हे. डेस्कटॉपवर आपण ज्याला आयकॉन म्हणतो त्यात बहुधा तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, दिसणारं चित्र. दोन, शॉर्टकट, म्हणजे ‘मूळ वस्तू अमुक ठिकाणी आहे’ असा पत्ता लिहिलेली छोटीशी फाइल. तीन, ती मूळ वस्तू. चित्र बिघडलं तरी पत्ता शाबूत असू शकतो, आणि पत्ता हरवला तरी वस्तू जागेवर असू शकते. नेमकं काय बिघडलंय हे कळलं की निम्मं काम झालं.

ते ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. कीबोर्डवरचं विंडोज बटण दाबा आणि प्रोग्रॅमचं किंवा फाइलचं नाव टाइप करा. शोधात ते सापडलं आणि उघडलं, तर मूळ वस्तू सुखरूप आहे. बिघाड फक्त चित्राचा किंवा पत्त्याचा. खाली सांगितलेले उपाय विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींवर चालतात. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सगळेच आयकॉन एकदम दिसेनासे झाले तर

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करा. मेनू उघडला तर ‘व्ह्यू’वर जा आणि ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’समोर टिक आहे का बघा. नसेल तर त्यावर क्लिक करा. चुकून हात लागून ही टिक निघते, आणि मग सगळा डेस्कटॉप रिकामा दिसतो.

राइट-क्लिक करूनही काहीच होत नाही, खालचा टास्कबारही दिसत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं ‘एक्सप्लोरर’ नावाचा एकच प्रोग्रॅम दाखवत असतो, आणि तो बंद पडलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ दिसत असेल तर त्यावर राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट’ म्हणा. दिसत नसेल तर ‘रन न्यू टास्क’ निवडा, इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ असं टाइप करून एंटर करा. (विंडोज १० मध्ये ‘रन न्यू टास्क’ हे ‘फाइल’ मेनूत असतं, ११ मध्ये ते बटण वरच दिसतं.) स्क्रीन क्षणभर रिकामी होईल, मग सगळं परत येईल. या रीस्टार्टने उघड्या फोल्डरच्या खिडक्या बंद होतात. लिहीत असलेल्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. आयकॉनच्या बऱ्याच किरकोळ तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

फक्त ‘धिस पीसी’ किंवा ‘रिसायकल बिन’ गेला असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘थीम्स’, त्यात ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ उघडा आणि हवं त्याला टिक करा. नव्या विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ मुळातच डेस्कटॉपवर ठेवलेला नसतो, त्यामुळे तो गेला असं वाटणं साहजिक आहे. विंडोज १० च्या लॅपटॉपवर टॅब्लेट मोड (बोटाने वापरायच्या स्क्रीनसाठीची मांडणी) चालू झाला तरी डेस्कटॉपचे आयकॉन लपतात. तो बंद केला की परत येतात.

आता दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या, कारण इथे खरोखर नुकसान होऊ शकतं.

पहिली गोष्ट म्हणजे तात्पुरतं प्रोफाइल. (प्रोफाइल म्हणजे तुमच्या खात्याच्या फाइल आणि सेटिंग्जचा संच.) लॉग-इन केल्यावर डेस्कटॉप अगदी नव्या कॉम्प्युटरसारखा कोरा, वॉलपेपरही बदललेला, आणि ‘तुम्ही टेम्पररी प्रोफाइलने साइन-इन केलं आहे’ अशा अर्थाची सूचना दिसली, तर तिथे काहीही काम करू नका. त्या अवस्थेत सेव्ह केलेल्या फाइल साइन-आउट करताच पुसल्या जातात. तुमच्या जुन्या फाइल मात्र सी ड्राइव्हमधल्या ‘यूझर्स’ फोल्डरमध्ये, तुमच्या नावाखाली, तशाच असतात. कॉम्प्युटर पूर्ण रीस्टार्ट करा. एकदोन रीस्टार्टनंतरही तेच झालं, तर त्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या, मगच पुढची दुरुस्ती.

दुसरी गोष्ट वनड्राइव्हची, म्हणजे फाइल इंटरनेटवर साठवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीची. त्याचा बॅकअप चालू केला की तुमचा डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत हलवला जातो. पुढे कुणी तो बॅकअप बंद केला की विंडोज पुन्हा जुन्या, आता रिकाम्या असलेल्या डेस्कटॉप फोल्डरकडे बघू लागतं. माणसाला वाटतं सगळं डिलीट झालं. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्ह उघडा, आत ‘डेस्कटॉप’ नावाचा फोल्डर असेल तो पाहा. बहुतेक वेळा सगळं तिथेच असतं. तिथून उचलून आपल्या डेस्कटॉपवर आणून ठेवा.

आयकॉन आहे, पण पांढरा कागद दिसतोय

इथे चित्र बिघडलंय. प्रत्येक आयकॉनचं चित्र त्या त्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये असतं. डेस्कटॉप दाखवताना दर वेळी या सगळ्या फाइल उघडत बसलं तर वेळ लागेल, म्हणून विंडोज त्या चित्रांच्या प्रती एका साठ्यात ठेवतं. त्यालाच आयकॉन कॅशे म्हणतात. लहान-मोठ्या आकारांसाठी वेगवेगळ्या कॅशे फाइल असतात, म्हणून कधीकधी एकच आयकॉन यादीत बरोबर आणि डेस्कटॉपवर चुकीचा दिसतो. हा साठा बिघडला की पांढरे कागद दिसतात, किंवा भलत्याच प्रोग्रॅमचं चित्र भलत्याच नावावर येतं.

आधी डेस्कटॉपवर क्लिक करून एफ ५ दाबा. मग वर सांगितल्याप्रमाणे एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. तरी फरक नाही, तर विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी खिडकी येईल. तिथे इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा: आय, ई, आकडा चार, यू, आय, एन, आय, टी. मग एक स्पेस, एक छोटी आडवी रेघ (हायफन), आणि तिला चिकटून एस, एच, ओ, डब्ल्यू. एंटर करा. कुठलीही खिडकी उघडणार नाही, पण आयकॉन ताजे करण्याची आज्ञा गेलेली असते. एकदा साइन-आउट करून परत या.

एवढ्यानेही झालं नाही तर कॅशेच्या फाइल काढून टाकता येतात, विंडोज त्या नव्याने बनवतं. अडचण अशी की तुम्ही लॉग-इन असताना एक्सप्लोरर त्या फाइल धरून बसलेला असतो. कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं दुसरं खातं असेल तर सोपा मार्ग आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून थेट त्या दुसऱ्या खात्यात जा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइल दिसतील असं करा. मग सी ड्राइव्ह, यूझर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर अशा क्रमाने आत शिरा. मध्येच परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’ म्हणा. तिथे ज्या फाइलचं नाव ‘आयकॉनकॅशे’ने सुरू होतं तेवढ्याच काढा. ॲपडेटाच्या आतलं बाकी काहीही हलवू नका. प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज तिथेच असतात.

एखादाच आयकॉन पांढरा असेल तर एवढा खटाटोप नको. राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शॉर्टकट’, ‘चेंज आयकॉन’. तिथे प्रोग्रॅमचं चित्र निवडा. शॉर्टकट काढून नवा केला तरी चालतं.

क्लिक केल्यावर ‘सापडत नाही’ म्हणतो

पत्ता चुकलाय. प्रोग्रॅम काढलेला आहे, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलाय, किंवा ज्या पेनड्राइव्हवर ती फाइल होती तो जोडलेलाच नाही. शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’च्या चौकटीत पत्ता वाचा, म्हणजे कारण कळेल. मूळ फाइल सापडली तर नवा शॉर्टकट करा आणि जुना काढा. शॉर्टकट काढल्याने प्रोग्रॅम जात नाही. पण शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेतल्याने फाइलही सोबत येत नाही, हे महत्त्वाच्या कामाला निघण्याआधी जरूर तपासा.

पेनड्राइव्ह उघडल्यावर सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले तर त्यातल्या एकावरही क्लिक करू नका. हे बहुधा व्हायरसचं काम असतं: खरे फोल्डर लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. आधी अँटीव्हायरसने स्कॅन करा, मग लपलेल्या फाइल दाखवून खरे फोल्डर बाहेर काढा.

आयकॉन जागा बदलतात

राइट-क्लिक, ‘व्ह्यू’, आणि ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’ची टिक काढा. दुसरा मॉनिटर काढला किंवा स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं तरीही ते हलतात; तिथे परत लावण्यावाचून इलाज नाही. आयकॉन अचानक अवाढव्य झाले असतील तर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा.

स्टार्ट मेनूची दुखणी

स्टार्ट मेनू उघडतच नाही किंवा त्यातले आयकॉन रिकामे दिसतात, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’वर जा आणि ‘स्टार्टमेनूएक्सपीरियन्सहोस्ट’ नावाची ओळ शोधून ‘एंड टास्क’ करा. घाबरू नका, स्टार्टचं बटण दाबताच ती नव्याने सुरू होते.

प्रोग्रॅम आहे पण स्टार्टच्या यादीतून गेलाय, असं असेल तर ती यादी कशी बनते ते माहीत हवं. नेहमीच्या प्रोग्रॅमसाठी विंडोज दोन फोल्डर बघतं, एक फक्त तुमचा आणि एक सगळ्या वापरकर्त्यांचा, आणि त्यात जे शॉर्टकट सापडतील ते दाखवतं. ‘रन’च्या खिडकीत इंग्रजीत ‘शेल’, लगेच कोलन, आणि मग ‘स्टार्ट मेनू’ असं दोन शब्दांत टाइप केलं की तुमचा फोल्डर उघडतो. त्यातल्या ‘प्रोग्रॅम्स’मध्ये शॉर्टकट ठेवा, यादीत नाव येईल.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या ॲपना हा उपाय लागू नाही. त्यांच्यासाठी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, मग ते ॲप, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. तिथे आधी ‘रिपेअर’ दाबा; त्याने ॲपमधली माहिती जात नाही. शेजारच्या ‘रीसेट’ने ती पुसली जाते, म्हणून तो शेवटी.

बिघाड नसलेल्या खुणा

कोपऱ्यातला वाकडा बाण म्हणजे शॉर्टकट. निळा ढग म्हणजे फाइल वनड्राइव्हवर आहे, कॉम्प्युटरवर अजून उतरलेली नाही. हिरवी टिक म्हणजे ती इथेही आहे. समोरासमोर दोन निळे बाण म्हणजे जागा वाचवायला फाइल कॉम्प्रेस करून, म्हणजे आकाराने लहान करून ठेवलेली आहे. निळी-पिवळी ढाल म्हणजे हा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागणार.

काहीच लागू पडलं नाही तर

स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, त्यावर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. इंग्रजीत एस, एफ, सी ही अक्षरं, एक स्पेस, पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘स्कॅन’ व ‘नाऊ’ हे दोन शब्द सलग टाइप करा. विंडोज आपल्या मूळ फाइल तपासून बिघडलेल्या बदलतं. यात बराच वेळ जातो. मध्ये खिडकी बंद करू नका.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’मधून एक नवं खातं तयार करा आणि त्यात लॉग-इन करून बघा. तिथे आयकॉन व्यवस्थित असतील तर विंडोज ठीक आहे, तुमचं जुनं प्रोफाइल बिघडलंय. मग फॉरमॅटची गरज नाही. नव्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या, जुन्या खात्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर त्यात कॉपी करा, आणि काही आठवडे नव्या खात्यात काम करून, काही राहिलं नाही याची खात्री झाल्यावरच जुनं खातं काढा.