उद्याची हवा कशी राहील? वीज केंद्र आणि खाणीजवळच्या गावाने अंदाज कसा बांधावा

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा दिल्ली, मुंबई, पुणे, अहमदाबाद अशा मोठ्या शहरांसाठी प्रदूषणाचा अंदाज देते. चंद्रपूर-यवतमाळकडच्या घुग्घुस, वणी, राजुरा या कोळसा पट्ट्यातल्या खेड्याच्या नावाने असा अंदाज निघत नाही. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, जो रंगीत नकाशा दिसतो, तो युरोपच्या कॅम्स या संगणकी मॉडेलचा. त्याचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा असतो. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर तिन्ही त्यात मावतात. गावालगतची कोळशाची सायडिंग (रेल्वेत कोळसा भरायची जागा) किंवा वीज केंद्राच्या राखेचा तलाव त्या नकाशात येत नाही. म्हणून मॉडेलकडून फक्त वारा घ्यायचा. धूर-धुळीचा हिशेब गावालाच करावा लागतो, आणि तो नीट करता येतो.

आधी दिशांचा कागद

ग्रामपंचायतीला मध्ये धरून कागदावर आठ दिशा आखा. फोनच्या होकायंत्राने प्रत्येक धूर-धुळीची जागा कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर आहे ते लिहा: वीज केंद्राची चिमणी, राखेचा तलाव, खाण, कोलवॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), सायडिंग, सिमेंट कारखाना, वीटभट्टी, डंपरचा रस्ता. डंपरचा रस्ता हमखास राहून जातो, आणि रस्त्याकडेच्या घरांना जास्त त्रास त्याच फुपाट्याचा असतो.

इथे एक चूक फार होते. हवामान खात्याच्या भाषेत 'ईशान्येचा वारा' म्हणजे ईशान्येकडून येणारा. नकाशावरचा बाण मात्र वारा जिकडे जातो तिकडे टोक करून असतो. हे उलटं वाचलं की सगळा अंदाज उलटा. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून, तोही मंद, पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून. त्यामुळे कारखान्याच्या नैऋत्येला असलेल्या गावाने हिवाळा जास्त जपावा.

रोज संध्याकाळी काय पाहायचं

सात-आठ वाजता अ‍ॅपवर संध्याकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा तासातासाचा वारा, ढग आणि आर्द्रता पाहा. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा ताशी ५-६ किलोमीटरच्या आत असेल तर जमीन लवकर थंडावते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर झाकण बसल्यासारखं होतं. मग चुली, शेकोट्या, डंपर यांचा धूर-धूळ खालीच साचते. याची खूण डोळ्यांनी दिसते: चुलीचा धूर थोडा वर चढतो आणि छपराच्या जरा वर आडवा पसरून तसाच तरंगत राहतो.

चिमणीचं गणित वेगळं आहे आणि तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ५०० मेगावॅटच्या संचाची चिमणी २७५ मीटर उंच असते. हिवाळी रात्री तिचं तोंड पुष्कळदा या झाकणाच्या वर असतं, म्हणून तिचा धूर वरूनच निघून जातो. सकाळी ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर चढू लागते, ती त्या धुराच्या पट्ट्याला भिडते आणि वरचा धूर घुसळून खाली उतरतो. म्हणून वाऱ्याच्या वाटेवर असलेल्या गावात ९ ते ११ च्या दरम्यान हवा अचानक बिघडू शकते, पहाट बरी गेली असली तरी.

उन्हाळ्यात झाकण टिकत नाही. तेव्हा त्रास उडणाऱ्या धुळीचा. राखेचा तलाव सुकलेला, दुपारचे झोत ताशी ३० किलोमीटरच्या वर आणि दिशा तलावाकडून गावाकडे, या तीन गोष्टी जुळल्या तर राख येणार असं धरून चाला.

अंदाज लिहिताना

हवामान बदलत नसेल तर 'उद्या आजच्यासारखंच' हा अंदाज सगळ्यात भरवशाचा. त्यापासून सुरुवात करून मग चांगलं ते वाईट अशा पायऱ्यांवर कमी-जास्त करा. चांगला पाऊस झाला तर एक पायरी चांगलं. वारा वळून कारखान्याकडून येणार असेल तर एक पायरी वाईट. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऱ्यावर पऱ्हाट्या जळतात, पुढे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. तो धूर कोणत्याही मॉडेलमध्ये आधी येत नाही, गावालाच ठाऊक असतो.

रजिस्टरात अंदाज आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं, दोन्ही लिहा. 'वाईट म्हटलं, चांगलं निघालं' आणि 'चांगलं म्हटलं, वाईट निघालं' यांची मोजणी वेगळी ठेवा. दुसरी चूक दमेकऱ्याला महागात पडते, म्हणून शंका असेल तिथे वाईटच लिहावं.

आकडे वाचताना

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर चंद्रपूर शहर आणि खुटाळा एमआयडीसीच्या केंद्रांचे आकडे मिळतात. पण हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकातला (एक्यूआय) पीएम २.५ हा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी नऊला धूर दाटला तरी आकडा हळूच चढतो. आणखी एक: विदेशी अ‍ॅप बहुधा अमेरिकन मोजपट्टी वापरतात. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर भारतीय निर्देशांक १००, 'समाधानकारक'; अमेरिकन दीडशेच्या वर. म्हणून निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅमच लिहा. भारतीय मानक २४ तासांना ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५.

गावात पीएमएस ५००३ किंवा एसपीएस ३० सेन्सर लावायचा तर पडवीत, दोन-तीन मीटर उंचीवर, ऊन-पावसापासून आणि चुलीपासून दूर. हे सेन्सर लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो ते मोजतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरून फुगलेले कण मोठे दिसतात आणि आकडा खोटा चढतो. धुक्याच्या पहाटेचा आकडा कंसात लिहा. उलट कोळशाची आणि रस्त्याची जाड धूळ त्यांना फार कमी दिसते. पडवीतल्या स्टीलच्या ताटात रात्रीतून काळा थर बसला आणि सेन्सर 'चांगलं' म्हणत असेल, तर ताटावर विश्वास ठेवा.

अंदाज वाईट आला तर

रात्रीच आशाताईंना कळवा, म्हणजे दम्याच्या आणि म्हाताऱ्या माणसांपर्यंत निरोप जाईल. दम्याचा पंप (इनहेलर) भरलेला आहे का ते तेव्हाच पाहायचं. शाळेचा परिपाठ मैदानाऐवजी वर्गात घ्यावा. हिवाळ्यात चालणं, कवायत, खेळ दुपारी १२ ते ४ मध्ये न्यावेत, तेव्हा हवा सगळ्यात मोकळी असते. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक धूर नाही. त्याला एन-९५ मास्कच लागतो, तोही नाकाशी घट्ट बसलेला. राखेचा वारा येणार असेल तर वाळवण आणि पाण्याची भांडी झाकून ठेवा, आणि झाडण्याआधी अंगण शिंपडून घ्या.