इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निवडणूक-इतिहास लिहिताना या चुका टाळा

ऑक्सफर्ड सिटी कौन्सिल ही डिस्ट्रिक्ट दर्जाची, म्हणजे काउंटीच्या खालच्या स्तरावरची स्थानिक कौन्सिल. सदस्य ४८. मे २०२१ मध्ये मजूर पक्षाचे ३४ निवडून आले आणि वर्षभरातच, मे २०२२ मध्ये, पुन्हा मतदान झालं. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका तक्त्यात या दोन वर्षी जिंकलेल्या जागा शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: मजूर पक्षाचा गड ढासळला. प्रत्यक्षात २०२२ च्या मतमोजणीनंतर त्या पक्षाचे ३२ सदस्य होते. दोन कमी झाले, एवढंच.

आपल्याकडे महापालिका असो की जिल्हा परिषद, निवडणूक लागली की सगळ्या जागांवर लागते. इंग्लंडमध्ये तसं गृहीत धरता येत नाही. काही डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये दर चार वर्षांनी सगळे सदस्य एकदम निवडले जातात. काहींमध्ये चारपैकी तीन वर्षं एकेक तृतीयांश जागांवर मतदान होतं. ऑक्सफर्डसारख्या थोड्या ठिकाणी दर दोन वर्षांनी निम्म्या जागा. म्हणजे २०२२ मध्ये पणाला लागल्या होत्या २४ जागा. उरलेले २४ सदस्य आपापल्या खुर्चीत होते आणि तक्त्यात त्यांना कुठेच जागा नव्हती.

ही चूक दाखवल्यावर तक्ता करणाऱ्या गृहस्थांनी पुढची केली, आणि ती जास्त चिवट आहे. २०२४ मध्ये कोणी किती कमावलं, हे त्यांनी २०२२ च्या निकालाशी ताडून काढलं. पण २०२४ मध्ये लढल्या गेल्या त्या दुसऱ्या २४ जागा! वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्यामुळे २०२१ मध्ये सगळ्या ४८ जागांवर मतदान झालं होतं, प्रत्येक वॉर्डात दोन. ज्याला जास्त मतं पडली त्याची मुदत २०२४ पर्यंत, कमी मतांनी आला त्याची २०२२ पर्यंत. म्हणून २०२४ ची तुलना करायची ती २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकाने आलेल्यांशी. "मधली निवडणूक वगळायची कशी?" असा वाद त्यांनी बराच वेळ घातला. शेवटी त्यांना एकच वॉर्ड घ्यायला लावला, दोन जागा दोन ओळींत लिहून कोणाची मुदत कधी संपते ते पुढे मांडायला लावलं, तेव्हा पटलं. त्यांनी कौन्सिलचं मूळ निकालपत्रक उघडलंच नव्हतं, कुठल्यातरी तयार सारांशावरून आकडे उतरवले होते. रात्रीच प्रसिद्ध करायची घाई होती. ज्यांना एवढी घाई असते त्यांनी या विषयाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पद्धत साधी आहे. वहीत प्रत्येक जागेला एक ओळ. सदस्याचं नाव, पक्ष, निवडून आल्याचं वर्ष, मुदत संपण्याचं वर्ष. पोटनिवडणूक झाली तर लाल शाईने त्याच ओळीत. संगणकावर चढवायचं ते नंतर.

तिसरी चूक टक्केवारीची. पुण्यात २०१७ ला चार सदस्यांचे प्रभाग होते, पण अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी. इंग्लंडमध्ये दोन जागांच्या वॉर्डात दोन्हीसाठी मतदान असेल तर उमेदवारांची एकच यादी असते, मतदाराला दोन मतं असतात आणि सर्वाधिक मतं मिळवणारे दोघे निवडून येतात. आता समजा, एका पक्षाच्या दोघांना ९०० आणि ८५० मतं पडली, आणि दुसऱ्याने एकच उमेदवार दिला, त्याला ७००. सगळी मतं मिळवून भागाकार केला तर पहिल्या पक्षाला ७१ टक्के. प्रत्येक पक्षाचा सर्वात पुढचा उमेदवारच धरला तर ५६ टक्के. मतदार तेच, मतं तीच! पहिल्या हिशेबात दुसऱ्या पक्षाला एकच उमेदवार दिल्याची शिक्षा होते. मी नेहमी सर्वात पुढचा उमेदवार धरतो आणि तसं तक्त्याखाली लिहितो. कोणी सरासरी काढत असेल तर काढो, पण दर वर्षी तीच पद्धत ठेवा आणि वाचकाला सांगा. मतदान किती टक्के झालं हेही मतांच्या बेरजेवरून काढू नका. त्यासाठी मतपत्रिकांचा आकडा लागतो.

मतदानाविना सत्ता बदलते, हे तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ऑक्सफर्डमध्येच ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या प्रश्नावरून काही सदस्यांनी मजूर पक्ष सोडला आणि पक्षाचं बहुमत गेलं. फक्त निकाल मांडलेत तर कौन्सिल मे २०२४ मध्ये त्रिशंकू झाली असं दिसेल आणि सगळं श्रेय मतदारांच्या खात्यावर जाईल. निकालांच्या तक्त्याशेजारी पक्षांतरांचा रकाना हवाच.

सुरुवातीचं वर्षही चुकतं. आजच्या रचनेतल्या बहुतेक डिस्ट्रिक्ट कौन्सिलनी कारभार हाती घेतला १ एप्रिल १९७४ ला, पण पहिली निवडणूक १९७३ ची.

१९८३ च्या निकालात 'लिबरल डेमोक्रॅट' लिहू नका. तेव्हा लिबरल आणि एसडीपी (सोशल डेमोक्रॅटिक पार्टी) यांची आघाडी होती, पक्ष एक झाले १९८८ मध्ये. २०२० चं वर्ष रिकामं दिसलं की आकडे हरवले म्हणून शोधत बसू नका, कोरोनामुळे त्या वर्षीच्या निवडणुका २०२१ वर ढकलल्या होत्या. आणि केंटमधली शेपवे ही डिस्ट्रिक्ट कौन्सिल २०१८ मध्ये गायब झाली नाही, तिचं नाव फोकस्टन अँड हाइद झालं.

इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून या निवडणुकांत मत देता येतं, त्यामुळे तिथली मराठी मंडळी आपापल्या कौन्सिलबद्दल आता आवडीने लिहितात. फार चांगली गोष्ट आहे. फक्त त्यांच्या लिखाणात काउंटी कौन्सिलचे निकाल हमखास मिसळलेले असतात. ऑक्सफर्ड शहरातून ऑक्सफर्डशर काउंटी कौन्सिलवरही सदस्य जातात, त्यांची निवडणूक वेगळी, मतदारसंघ वेगळे. एखादा आकडा उतरवण्याआधी निकालपत्रकावर कौन्सिलचं नाव काय आहे ते वाचा, मग वॉर्डाचं.