तापी-गिरणेच्या पात्रात उतरताना पायात काय घालावं?

फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम माशी लावलेल्या गळाने मासे धरायला, पात्रात उतरायचं तर आधी बूट बघा, गळ नंतर. खान्देशातल्या नद्यांत काळा बेसाल्ट आहे. त्यावर शेवाळ धरलं की साधा रबरी तळ साबणावरून जावा तसा सरकतो. अशा दगडावर फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या नमद्याचा तळ घट्ट धरतो. पण काठाच्या चिखलात आणि ओल्या गवतावर तोच घसरतो, शिवाय लवकर वाळत नाही. दगड आणि गाळ दोन्ही तुडवायचे असतील तर मऊ रबरी तळ आणि त्यात कार्बाइडचे, म्हणजे अतिशय कठीण पदार्थाचे, खिळे, हेच आम्ही सुचवू.

गमबूट नकोतच. बुटाच्या काठावरून पाणी आत शिरलं की पाय उचलवत नाही. चप्पल गाळात रुतून बसते. बूट घोट्याच्या वरपर्यंत, नाडीचा, तळाजवळ पाणी निघायला भोकं असलेला घ्या. दुकानात जाड मोजा घालूनच माप बघा. बोटं आखडली तर तोल जातो.

उन्हाळ्यात छातीपर्यंतच्या वेडरची, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या विजारीची, गरज नाही, पटकन वाळणारी पँट पुरे. हिवाळ्यात वेडर घातलाच तर कमरेचा पट्टा आवळूनच पाण्यात उतरा. पडलात तर पट्ट्यामुळे पाणी वेडरच्या पायांत झपाट्याने भरत नाही.

हातात छातीएवढी काठी, ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवायची. पाय उचलू नका, घासत सरकवा. मांडीच्या वर पाणी आलं की मागे फिरा. धरणाखाली असताना पाणी गढुळलं, काडीकचरा वाहून येऊ लागला, तर सगळं सोडून काठ गाठा.