जुन्या गाडीचं रेक्झिन चिकटवताना गोंद कोणता घ्याल?

पद्मिनी किंवा अँबेसेडरच्या दारावरचं रेक्झिन कडेने सुटलं, की पहिला हात फेव्हिक्विककडे जातो. तो आवरा! तो गोंद वाळून काचेसारखा कडक होतो, आजूबाजूला पांढरट डाग पडतात आणि रेक्झिन वाकलं की तिथेच तडकतं.

रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू झिरपतं आणि साध्या रबरी गोंदाला चिकट, ओघळता करून टाकतं. त्यात उन्हात उभ्या गाडीची धग. म्हणून पीव्हीसीला चालणारा, उष्णता सोसणारा पीयू (पॉलीयुरेथेन) गोंदच घ्या; चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याला रेक्झिनची उलटी, कापडाची बाजू चिकटवायची असेल, तर उष्णता सोसणारा चांगला कॉन्टॅक्ट गोंदही (दोन्ही पृष्ठभागांना लावून, जरा वाळल्यावर दाबायचा रबरी गोंद) निभावतो.

जुना गोंद आधी खरवडून काढा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, थिनर नको, त्याने रेक्झिनच विरघळतं. रेक्झिन आणि ते जिथे चिकटवायचं ती जागा, दोन्हींना गोंदाचा पातळ हात द्या, गोंद बोटाला लागेनासा झाला की मगच दाबा. आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा.